टॉर्च नीट धर

परवा दुपारी शेजाऱ्यांच्या जुन्या शेव्हरोले पिकअपचं बॉनेट उघडलं आणि माझी झोप उडाली. दुपारची तर उडालीच, रात्रीचीही उडाली. गाडी १९७२ ची. चासी नंबरातलं तिसरं अक्षर एस, म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हा सहा सिलिंडरची. आत बघतो तर आठ! मधल्या पन्नास वर्षांत कुणीतरी कुठलंतरी इंजिन त्यात बसवून मोकळं झालेलं. शेजारी म्हणाले, "चालतेय ना, मग झालं." त्यांचं झालं. माझं होईना.

मला निनावी वस्तू सोसत नाही. जुडग्यात कशालाच न लागणारी एक किल्ली असते ना, तिच्यासाठी मी घरातली सगळी कुलपं दोनदा तपासलेली आहेत.

इंजिनाला निळा रंग फासलेला. निळं म्हणजे फोर्ड, असं पटकन तोंडात येतं, पण रंगाचं काय, डबा मिळेल तो मारतात. डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा डबा, मागे, केबिनच्या पत्र्याला चिकटून. फोर्डच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या बहुतेक व्ही-८ ना, म्हणजे आठ सिलिंडरवाल्यांना, तो पुढे असतो. व्हॉल्व्ह कव्हर काठावरच्या चार बोल्टांनी धरलेलं. म्हणजे शेव्हरोलेचंच स्मॉल ब्लॉक, त्यांच्या लहान व्ही-८ च्या घराण्यातलं. पण इथवर येऊन हाती काय लागतं? ३०७, ३२७, ३५० (आकडे घन इंचांतल्या आकारमानाचे) ही सगळी भावंडं बाहेरून एकसारखी. फरक आत, पोटात.

खरा नंबर ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाच्या, मागच्या टोकाला, गिअरबॉक्स जोडतात त्या कडेवर ओतलेला असतो. तिथे डोकं जात नाही, हात जेमतेम जातो. मी वायर ब्रशने पापुद्रे खरवडू लागलो. शेजाऱ्यांच्या हातात टॉर्च. ते बघत होते रस्त्याकडे आणि उजेड माझ्या कोपरावर.

"टॉर्च नीट धरा हो!" मी खेकसलो, आणि एकदम मामाचाच आवाज ऐकल्यासारखा दचकलो.

मामा गाडीखाली आणि मी टॉर्च धरून उकिडवा, अशी माझी निम्मी सुट्टी गेलेली आहे. त्या कामात शाबासकी नसतेच. उजेड कुठे हवा ते मामा सांगायचा नाही. त्याची नजर वळेल तिकडे आपणहून वळला पाहिजे. मी मात्र एका नटावरून उतरणाऱ्या तेलाच्या थेंबात गुंग. थेंब फुगायचा, लोंबायचा, पडतोय पडतोय म्हणता पुन्हा आत ओढला गेल्यासारखा व्हायचा. "टॉर्च!" अशी आरोळी आली की मी हलायचो आणि नेमका तेव्हाच तो पडायचा. मामाच्या कपाळावर. मामाला गाडी रस्त्यावरून जाताना नुसत्या आवाजावरून कळायची, असं तो म्हणायचा. चुकला तरी पडताळायला कोण जाणार होतं?

असो. नंबर निघाला : ३९७००१०. मी हर्षलो, पण हा नंबर साच्याचा, इंजिनाचा नव्हे. याच साच्यातल्या ब्लॉकची १९६९ साली ३०२ ही झाली, ३२७ ही आणि ३५० ही. पुढे सत्तरच्या दशकात ३५०. मग तारीख पाहावी. ती दुसऱ्या बाजूला : डी १४ ९. डी म्हणजे एप्रिल, तारीख १४, आणि ९ म्हणजे सालाचा शेवटचा आकडा. १९६९ की १९७९? दशक लिहायची गरज त्या ओतकाम करणाऱ्यांना वाटली नाही. पुढच्या बाजूला, उजव्या हेडसमोरच्या (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण) पट्टीवर, ठोकलेली अक्षरं असतात, ती सगळं सांगतात. पण कुणीतरी इंजिन बांधताना ब्लॉकचा माथा मशीनवर घासून घेतलेला. पट्टी आरशासारखी गुळगुळीत.

उरला स्ट्रोक, म्हणजे पिस्टन किती वर-खाली जातो ते. ३२७ चा सव्वातीन इंच, ३५० चा ३.४८. प्लग काढून भोकातून बारीक काडी सोडायची, क्रँक हाताने फिरवायची, पिस्टन काडी किती उचलतो ते मोजायचं. पण या इंजिनात प्लगचं भोक तिरपं. काडी पिस्टनवर सरळ उभी राहीना, वर येताना अडकू लागली. मोडून आत पडली असती तर शेजारधर्म तिथेच संपला असता. पहिल्यांदा माप भरलं ३.३. दुसऱ्यांदा ३.४. तिसऱ्यांदा मी घेतलं नाही.

"हेड उघडलं की दोन मिनिटांत कळेल," मी म्हणालो.

"कळलं की काय होईल?"

मी विचार केला. प्लग दोघांना चालतील तेच. दोघांचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, चार इंच, म्हणजे हेड गॅस्केटही तीच.

"काही नाही," मी म्हणालो.

त्यांनी बॉनेट आपटलं, किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. मी डोळे मिटून नीट ऐकलं.

"३२७," मी म्हणालो.

"असेल," शेजारी म्हणाले. "तो टॉर्च तेवढा बंद करा."