चार मुठींचा हिशेब

सकाळी नऊच्या सुमारास दवाखान्यात एक मेलेली कोंबडी आली. तपकिरी, अंड्यावरची, दीड वर्षाची. आदल्या संध्याकाळपर्यंत बाकीच्या पाच जणींबरोबर ती नीट खात होती. पहाटे खुराड्यात आडवी पडलेली सापडली. अंगावर जखम नव्हती, पिसं तुकतुकीत होती. घरच्यांना विषबाधेची शंका होती आणि शेजारच्या मांजरावर तर त्यांचा पक्का संशय.

तुरा बघताच मांजर सुटलं. लालभडक असायला हवा तो तुरा कागदासारखा पांढरट पडला होता. रक्त बाहेर कुठे सांडलेलं नव्हतं, म्हणजे ते आत गेलं होतं.

अशा वेळी पिसं आधी साबणाच्या पाण्याने भिजवून घेतो, म्हणजे धूळ उडत नाही. हातमोजे आणि मास्क लागतातच, कारण अचानक मेलेल्या पक्ष्यात संसर्गजन्य रोग नाही हे उघडून बघेपर्यंत गृहीत धरता येत नाही. (एकाच वेळी दोन-तीन पक्षी मेले असतील तर घरी काही उघडू नये, आधी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवावं.) पोट उघडलं तर पेषणीभोवती, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या पिशवीभोवती, बोटभर जाडीचा पिवळा चरबीचा थर. यकृत तांबूस-तपकिरी, घट्ट असायला हवं, ते मातकट पिवळं होतं आणि बोट लावताच भुसभुशीत लोण्यासारखं तुटलं. त्यावर रक्ताची मोठी गाठ बसली होती. अंडनलिकेत अर्धवट कवच झालेलं अंडं होतं, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत तिचं अंडं देणं चालू होतं.

या आजाराला फॅटी लिव्हर हेमोरेजिक सिंड्रोम म्हणतात. यकृतात चरबी इतकी भरते की ते ठिसूळ होतं. मग उडी मारताना किंवा अंड्यासाठी जोर लावताना ते फाटतं आणि कोंबडी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरते. अंड्यावरच्या लठ्ठ कोंबड्यांत, उन्हाळ्यात तो जास्त दिसतो. आधी लक्षण म्हणावं असं फारसं काही नसतं. उलट अशी कोंबडी ‘छान भरलेली’ दिसते म्हणून कौतुकच होतं.

‘खायला काय देता?’ या प्रश्नावर मिळालं ते नेहमीचंच उत्तर: लेअर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, आणि थोडासा खाऊ. थोडासा म्हणजे किती, यावर आजोबा म्हणाले, ‘अहो डॉक्टर, मूठभर मका, सकाळी. एवढंच.’ आई म्हणाली, ब्रेडचे उरलेले तुकडे. मुलगी शाळेतून आल्यावर सुके मीलवर्म, म्हणजे वाळवलेल्या अळ्या, टाकायची. बाबा संध्याकाळी सूर्यफुलाच्या बिया. चौघांनाही बाकीच्या तिघांचं माहीत होतं, पण बेरीज कुणी केली नव्हती.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांनी रोजची आपापली मूठ मोजली. आजोबांची मूठ ऐसपैस निघाली, ९५ ग्रॅम. ब्रेड ५०, मीलवर्म ३५, बिया ६०. एकूण २४० ग्रॅम, सहा कोंबड्यांत प्रत्येकी ४०. खाद्याच्या भांड्यात रोज ७०० ग्रॅम पडत होतं आणि त्यातलं जवळजवळ २८० उरत होतं, म्हणजे प्रत्येकीने ७० ग्रॅमच खाल्लं. खाऊ जास्त होतोय का, याचा सगळ्यात खरा साक्षीदार म्हणजे ते उरलेलं खाद्य. घरात मात्र ‘कंपनी बदलायला हवी, यांना आवडत नाही’ असं ठरलं होतं!

७० अधिक ४०, बेरीज ११० ग्रॅम, मध्यम आकाराच्या कोंबडीला लागतं तेवढंच. मग बिघडलं कुठे? बिया आणि मीलवर्ममध्ये चरबी भरपूर, त्यामुळे माझ्या ढोबळ हिशेबाने ऊर्जा रोज १५ टक्क्यांच्या आसपास जास्त जात होती. कॅल्शियमचं उलट. लेअर फीडमध्ये ते साधारण ३.८ टक्के असतं. ११० ग्रॅम खाल्लं तर ४.२ ग्रॅम मिळतं, त्यातलं निम्मं अंगी लागतं, आणि एका कवचाला सुमारे २ ग्रॅम लागतं. हिशेब काठावर बसतो. ७० ग्रॅम खाल्ल्यावर मिळतं २.७, अंगी लागतं जेमतेम १.३. मका, ब्रेड, बिया यांतून कॅल्शियम नगण्य येतं. उरलेलं कोंबडी स्वतःच्या हाडातून काढते. दोन कोंबड्या महिनाभर पातळ कवचाची अंडी देत होत्या, ही गोष्ट हा हिशेब मांडल्यावरच घरच्यांना आठवली.

उरलेल्या पाचही तपासल्या. छातीच्या मधल्या हाडाची धार बोटाला लागायला हवी. तिघींची मांसा-चरबीत बुडाली होती. एकीचं वजन २.६ किलो, या जातीत २ किलोच्या आसपास अपेक्षित असतं. आणखी एकीच्या गळ्याखालची अन्नपिशवी रात्रभर काही न खाताही भरलेली होती, कणकेच्या गोळ्यासारखी. तो ब्रेड. सकाळी ही पिशवी रिकामी असलीच पाहिजे. तिला वेगळं ठेवून दिवसभर फक्त पाणी दिलं आणि दर काही तासांनी हलक्या हाताने पिशवी चोळली. दुसऱ्या दिवशी ती उतरली. कोंबडीला उलटं धरून ओकवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नये. द्रव श्वासनलिकेत जातो आणि साध्या तुंबण्यापायी पक्षी हातचा जातो.

खाऊ बंद करायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आजोबांनी ऐकलं नसतं. एक झाकणाची बरणी ठरवली: रोज सकाळी त्यात ५० ग्रॅम, पाच कोंबड्यांचे प्रत्येकी १०. चौघांनीही त्यातूनच द्यायचं, बरणी रिकामी झाली की दिवस संपला. आहाराच्या दहा टक्क्यांच्या आतली मर्यादा यात सहज सांभाळली जाते. पण एकदम ४० वरून १० वर नाही, आठ-दहा दिवसांत उतरत. वेळ दुपारनंतरची, पोट खाद्याने भरल्यावर. एका जागी ढीग नको, चार-पाच ठिकाणी विखरून, नाहीतर दांडगी कोंबडी सगळं खाते आणि बुजरी उपाशी राहते. ब्रेड बंद. मीलवर्म पिसं झडण्याच्या काळात, तेही मोजून. अखंड दाणे किंवा गवत द्यायचं तर न विरघळणारे बारीक खडे वेगळ्या भांड्यात हवेत, आणि शिंपल्याचा चुरा आणखी वेगळ्या. चुरा पोटात विरघळतो, दळायचं काम करत नाही. खडे दळतात, पण कॅल्शियम देत नाहीत. खाद्यात दोन्ही मिसळले तर ज्या पक्ष्याला नको त्याच्याही पोटात जातात.

बुरशी आलेलं, खारट, कच्ची कडधान्यं, हिरवट बटाट्याची सालं, चॉकलेट आणि अ‍ॅव्होकॅडो, विशेषतः त्याची साल आणि कोय, हे बरणीत कधीच जायचं नाही.

दीड आठवड्यात कवचं घट्ट झाली. वजन उतरायला जास्त वेळ लागला: दर रविवारी बादलीत बसवून मोजायचं, दोन महिन्यांनी २.६ ची २.३ झाली.

आजोबांची सकाळची मूठ मात्र सुटेना. त्यांना रोजच्याच लेअर फीडमधून एक मूठ काढून कोमट पाण्यात भिजवायला सांगितलं. कोंबड्या त्यावर मक्यासारख्याच तुटून पडतात, आणि ही मूठ खाऊत मोजावी लागत नाही. फक्त उरलेला ओला लगदा तासाभरात उचलायचा, उन्हात तो लवकर आंबतो.