ओहायोतली चांदमारी: गॅरँड रायफलच्या सामन्याला जाताना

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी वापरलेल्या रायफली घेऊन, दुर्बिणीशिवाय नुसत्या डोळ्यांनी नेम धरून, अमेरिकेतल्या खेडोपाडीच्या क्लबांमध्ये आजही सामने भरतात. त्यात नवख्या माणसाला आनंदाने सामावून घेतात, हे इथल्या आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. वायव्य ओहायोतल्या अशाच एका रेंजवर मी शनिवारी खेळून आलो. सोबत बाबा होते. ते महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त झालेले, सध्या आमच्याकडे राहायला आलेले.

आधी कायद्याचं सांगतो, कारण यात चूक परवडणारी नाही. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने, मग तो एच-१बी असो की पर्यटक, बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा संघीय कायद्याने गुन्हा आहे. रेंजवर दुसऱ्याची रायफल पाच मिनिटांसाठी हातात घेणंही त्यात येऊ शकतं. वैध शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते, असे मोजके अपवाद आहेत. त्यांच्यावर विसंबायचं असेल तर वकिलाला विचारूनच. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. बाबांना मी हे घरीच समजावून सांगितलं होतं. त्यांनी दिवसभर एकाही रायफलला बोट लावलं नाही, फायरिंग लाइनच्या मागे खुर्ची टाकून बसले. पाहायला कुणालाच बंदी नाही. मात्र कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण प्रेक्षकांनाही सक्तीचं आहे.

रस्ता सोपा आहे. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मग कच्चा रस्ता, फाटक, आणि समोर दोनशे यार्डांवर मातीचा उंच बांध. फोनला रेंज मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. सुरक्षेच्या सूचना सुरू होण्याआधी पोहोचा, कारण त्या चुकल्या तर बहुतेक ठिकाणी लाइनवर उभं करत नाहीत. फी रोख ठेवा. रायफल रिकामी, पिशवीत, आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, रंगीत प्लॅस्टिकची खूण घातलेली हवी. कुणीही टार्गेटकडे गेलेलं असेल तेव्हा रायफलला हात लावायचा नाही. या एका नियमावर तिथे कुणी हसतखेळत बोलत नाही, आणि ते योग्यच आहे.

हे सामने सीएमपी म्हणजे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमच्या नियमांनी होतात. नागरिकांना नेमबाजी शिकवण्याचा सरकारी कार्यक्रम १९०३ साली सुरू झाला. १९०७ पासून राष्ट्रीय सामने याच राज्यात, ईरी सरोवराकाठच्या कॅम्प पेरीला भरू लागले. १९९६ पासून हे काम सीएमपीकडे आहे. गावातले सामने त्याच झाडाच्या फांद्या.

मुख्य रायफल एम-१ गॅरँड. जॉन गॅरँड हा मूळचा क्वेबेकचा. स्प्रिंगफिल्डच्या सरकारी शस्त्रागारात काम करताना त्याने ती घडवली आणि १९३६ मध्ये अमेरिकन सैन्याने ती स्वीकारली. पेटंट त्याने सरकारला देऊन टाकलं. वजन सव्वाचार किलोच्या आसपास, त्यामुळे उभं राहून दहा गोळ्या झाडताना डावा दंड बोलायला लागतो. रायफल नसेल तर आयोजकांना आधी ईमेल करा. बऱ्याच क्लबांकडे उसनी द्यायला एखादी असते. मला ती माझ्याच फायरिंग पॉइंटवरच्या एका आजोबांनी दिली आणि वर रायफलचा पट्टा दंडाला कसा आवळायचा तेही दाखवलं.

सामना असा: पालथं पडून पाच सरावाच्या गोळ्या, मग मोजणीच्या दहा, सगळं मिळून पंधरा मिनिटांत. त्यानंतर पालथं पडूनच दहा गोळ्या ऐंशी सेकंदांत. शेवटी उभं राहून दहा, दहा मिनिटांत. एकूण गुण तीनशे. टार्गेटवरचं काळं वर्तुळ तेरा इंचांचं, दहा गुणांचं त्याच्या आत सात इंचांचं. दोनशे यार्डांवरून ते माशीच्या, म्हणजे नळीच्या पुढच्या नेमकाट्याच्या, टोकावर ठेवलेल्या ठिपक्याएवढं दिसतं. मागच्या साइटची, म्हणजे डोळ्याजवळच्या नेम धरायच्या भागाची, एक क्लिक या अंतरावर नेम साधारण दोन इंच हलवते. साइट तळाला नेऊन तिथून दहाएक क्लिक वर, ही सुरुवात धरा आणि बाकीचं सरावाच्या पाच गोळ्यांत जुळवून घ्या.

ऐंशी सेकंदांचा टप्पा हा या सामन्याचा प्राण आहे. गॅरँडची क्लिप, म्हणजे काडतुसं एकत्र धरणारी पत्र्याची पकड, आठ गोळ्यांची, आणि झाडायच्या दहा. म्हणून आधी दोन गोळ्यांची क्लिप, मग आठची. टार्गेट वर येतं, दोन गोळ्या सुटतात, रिकामी क्लिप टिंग करून बाहेर उडते आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा भाग, मागे उघडा राहतो. आता रायफलचा दस्ता खांद्यातून न काढता उजवा हात कमरेच्या पट्ट्याच्या पाऊचकडे जातो. तळव्याची कड चार्जिंग हँडलला मागे रेटून धरते, अंगठा क्लिपला खाली दाबतो. ती बसल्याचं बोटाला कळतं. त्याच क्षणी अंगठा बाहेर, कारण हात सुटला की बोल्ट पुढे धावतो. घरी बसून बनावट काडतुसांवर हे इतकं घोटा की नजर टार्गेटवरून हलवावी लागू नये. दोन गोळ्या क्लिपमध्ये घट्ट बसवण्याची युक्ती मात्र जाणत्याकडून प्रत्यक्ष पाहूनच शिका. या सामन्यांत रायफल अडकली तरी पुन्हा संधी मिळत नाही. तेव्हा बोल्टच्या खाचेत आणि तो मागेपुढे नेणाऱ्या ऑपरेटिंग रॉडवर ग्रीस लावलेलं आहे याची खात्री करून घ्या. तेल पुरत नाही.

उरलेला अर्धा वेळ बटमध्ये, म्हणजे टार्गेटांपाशी, जातो आणि माझ्या मते पहिल्या सामन्याला जायचं ते मुख्यतः त्यासाठी. अर्धी मंडळी गोळ्या झाडतात तेव्हा अर्धी बांधाआडच्या खंदकात उभी राहून त्यांची टार्गेटं चालवतात. डोक्यावरून गोळी जाते तेव्हा चाबकासारखा कडाका ऐकू येतो आणि मागच्या मातीत धुरळा उडतो. लगेच जड लोखंडी चौकट खाली ओढायची, भोक शोधायचं, त्यात गोल चकती खोवायची. काळ्यावरच्या भोकाला चकतीची पांढरी बाजू, पांढऱ्यावरच्या भोकाला काळी. आधीच्या भोकावर कागदी ठिगळ चिकटवायचं, गुणांची खूण लावायची, चौकट वर. वरच्या माणसाच्या पंधरा मिनिटांतला प्रत्येक सेकंद तुमच्या हातात असतो. तुम्ही रेंगाळलात तर त्याची लय तुटते, आणि थोड्या वेळाने तुमचं टार्गेट त्याच्या हातात असणार आहे. माझ्या जोडीला एक शाळकरी मुलगी होती. माती उडण्याच्या जागेवरून गोळी कुठे लागली असेल याचा अंदाज बांधून ती चौकट खाली येण्याआधीच चकती तयार ठेवत होती. इतकं मन लावून काम करणारी माणसं एका जागी मला क्वचित भेटतात. कातडी हातमोजे न्या, टोपी न्या, आणि तिथे उतरल्यावर फोन खिशातच राहू द्या.

जुन्या लष्करी रायफलींचा सामनाही याच दिवशी जोडून असतो. त्यात स्विस के-३१, स्वीडिश माउझर, ली-एनफिल्ड दिसतात. एकाच्या हातात आखूड नळीची ली-एनफिल्ड होती. त्याने बाबांना जवळ बोलावलं, बोल्ट उघडा ठेवून रायफल स्वतःच आडवी धरली आणि दस्त्याच्या मानेपाशी पोलादावर ठोकलेली अक्षरं दाखवली. वर मुकुट, खाली जीआरआय, म्हणजे बादशहा जॉर्जची खूण, त्याखाली इशापूर हे बंगालमधल्या रायफल कारखान्याचं नाव, आणि साल १९४२. बाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून, वाकून ते वाचलं. मग मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला स्क्रू हनुवटीने दाखवत म्हणाले, “हा आपल्याकडचाच. चांदमारीला आम्हाला हीच थ्री-नॉट-थ्री असायची.” तो माणूस गेली कित्येक वर्षं ती रायफल वापरतो, पण ती रोज खांद्यावर वागवलेला माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होता. दोघं जेवणाच्या सुट्टीभर बोलत बसले. मी मध्ये दुभाषा.

काडतुसांबद्दल काटेकोर राहा. गॅरँड थर्टी-ऑट-सिक्स काडतूस घेते, पण दुकानातली शिकारीची जोरकस काडतुसं तिच्यात घातली तर ऑपरेटिंग रॉड वाकू शकतो. एम-२ बॉल या जुन्या लष्करी काडतुसाच्या बरोबरीची, दीडशे ग्रेन वजनाच्या गोळीची, गॅरँडसाठी म्हणून विकली जाणारीच घ्या. सामन्याला पस्तीस लागतात, पन्नास न्या. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही हवेत. जाड चटई न्या, कोपरं सोलवटतात. गवतात गोचीड असतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट त्यासाठीही बरा. चकती पाहायला दुर्बीण उपयोगी पडते, पण शेजारी आपली वापरू देतात. पडण्याआधी समोरचा पाटीवरचा आकडा मोठ्याने वाचा. शेजाऱ्याच्या टार्गेटवर मारलेली उत्तम गोळी तुमच्या खात्यात शून्यच असते.

माझे गुण जेमतेम होते आणि त्याचं मला काही वाटलं नाही. उभ्याने मारलेल्या गोळ्यांनी घात केला, तो पहिल्या वेळी बहुतेकांचा होतो. घरी रोज पाच मिनिटं रिकामी रायफल उभ्याने धरून चाप सावकाश दाबण्याचा सराव हा त्यावरचा एकच इलाज आजोबांनी सांगितला, आणि ते स्वतः उभ्यानेही काळ्याबाहेर फारसे जात नव्हते.

सामना संपल्यावर पुंगळ्या वेचा, चौकटी आवरायला थांबा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्यांसाठी एक शेवटचं: सीएमपी स्वतः गॅरँड विकते. त्यासाठी प्रौढ नागरिक असण्याबरोबर संलग्न क्लबचं सभासदत्व आणि नेमबाजीत भाग घेतल्याचा पुरावा लागतो, आणि असा सामना त्यात धरला जातो. निकालाच्या कागदाची प्रत आयोजकांकडून निघण्याआधीच मागून घ्या.