जिप्सी किंग, ८ व्हॉल्व्ह: क्रँकचं पुढचं ऑईल सील

गाडी: मारुतीची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवालं १२९८ सीसी जी१३ इंजिन. तक्रार: टायमिंग कव्हरची खालची कड कायम ओली, सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) पुढच्या भागावर मातीचा चिकट थर, फॅनच्या वाऱ्याने तेल उडून पार स्टिअरिंग बॉक्सपर्यंत. सद्यस्थिती: पुढचं सील बदललं, गाडी पन्हाळा चढून-उतरून आली, कव्हरखाली कोरडं आहे. मागच्या सीलला अजून हात लावलेला नाही, त्याबद्दल शेवटी.

सील म्हणजे क्रँकशाफ्ट इंजिनातून बाहेर येतो तिथे तेल अडवणारं रबरी ओठाचं कडं. या कामात सील हाच सगळ्यात स्वस्त भाग. म्हणूनच बहुतेक जण सील आणतात, ठोकतात आणि पुढच्या पावसाळ्यात परत तेच करतात. सील स्वतःहून क्वचितच मरतं. एक तर क्रँककेसमधला (क्रँकभोवतीच्या पोकळीतला) दाब त्याला बाहेर ढकलतो, नाहीतर त्याच्या ओठाखालचा शाफ्ट खराब असतो. ही दोन्ही कारणं बघितल्याशिवाय नवीन सीलची पुडी फोडू नये.

आधी दाब

गाडी उघडण्याआधी हे तपासलं, कारण एकदा टायमिंगचा पट्टा (क्रँक आणि कॅमला जोडणारा) उतरला की इंजिन चालू करता येत नाही. साधन घरगुती: ६ मिमीची पारदर्शक नळी, फळीवर यू आकारात ठोकलेली, प्रत्येक बाजू फूटभर उंच, निम्म्यापर्यंत पाणी. पाणी नीट दिसावं म्हणून चिमूटभर गुलाल, तो आपल्याकडे कुठल्याही घरात सापडतो. एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवायचं, दुसरं मोकळं. ऑईल फिलरचं झाकण बंद. इंजिन गरम करून आयडलला ठेवायचं.

निरोगी इंजिनात पाणी इंजिनाच्या बाजूला किंचित ओढलं जातं. उलट मोकळ्या बाजूला चढत असेल तर आत दाब साठतोय. इथे आयडललाच सुमारे ३० मिमी दाबाकडे दाखवत होतं. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणारा) काढून हलवला तर खुळखुळ नाही, आत डांबरासारखा गाळ. व्हॉल्व्ह बदलला, त्याची रबरी नळी आणि हेड कव्हरमधली वाट रॉकेलने धुतली. त्यानंतर पाणी १० मिमी ओढीकडे आलं, २५०० आरपीएमलाही दाबाकडे गेलं नाही. म्हणजे पिस्टन रिंग बऱ्या आहेत, दोष श्वास कोंडल्याचा होता. व्हॉल्व्ह साफ करूनही दाब राहिला असता तर सील बदलण्यात अर्थ नव्हता, कॉम्प्रेशन तपासायला लागलं असतं.

एक सावधगिरी: इंजिन सुरू करताना मोकळं टोक बोटाने धरून ठेवा आणि हळूहळू सोडा. ओढ जोराची निघाली तर गुलालाचं पाणी सरळ सम्पमध्ये.

उघडणं

गाडी सपाट जागी, नाक किंचित वर. बंद इंजिनात तेलाची पातळी क्रँकच्या खाली असते, त्यामुळे पुढच्या सीलसाठी तेल काढायची गरज नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. कूलंट काढून रेडिएटर बाहेर घेतला. तो न काढताही हात जातो, पण पुलर (पुली ओढून काढायचं साधन) सरळ लावायला आणि सील सरळ बसवायला जागा लागते, आणि इथे सगळा खेळ सरळपणाचा आहे. फॅन, श्राउड, फॅन बेल्ट, वॉटर पंपाची पुली, मग क्रँक पुलीचे छोटे बोल्ट, पुली, आणि टायमिंग कव्हर.

कव्हर निघाल्यावर घाईने क्रँक सीलवर शिक्का मारू नये. याच कव्हरमागे कॅमचंही (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचंही) सील आहे आणि तेल खाली वाहून दोन्हीचा पुरावा एकाच कोपऱ्यात गोळा होतो. त्यात पट्टा तेल वर चढवतो, म्हणून कॅम पुलीचा दर्शनी भाग ओला दिसला तरी तो पुरावा नाही. पुलीच्या मागे, सीलच्या बरोबर खालच्या कडेला बघायचं. इथे कॅमच्या बाजूला कोरडी धूळ होती आणि क्रँकखाली ऑईल पंपाच्या बॉडीवर स्वच्छ, चकाकतं तेल. धुळीत मुरलेलं काळं तेल जुनं असतं, चकाकतं तेल आत्ताचं.

पट्टा काढण्याआधी खुणा जुळवल्या: कॅम पुलीची खूण मागच्या कव्हरवरच्या खुणेसमोर, क्रँकच्या दातेरी पुलीवरचा ठिपका पंप बॉडीवरच्या बाणासमोर. फोटो घ्या, पण फोटोच्या कोनावर भरवसा नको. पांढऱ्या रंगाने स्वतःची रेघ ओढलेली बरी. हे इंजिन या स्थितीत असताना डिस्ट्रिब्युटरमधला (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागातला) रोटर चौथ्या सिलिंडरकडे बघतो, पहिल्याकडे नाही. त्यावरून टायमिंग १८० अंश चुकलंय असं समजून डिस्ट्रिब्युटर फिरवणारे बरेच असतात. फिरवू नका.

क्रँकचा मधला १७ मिमीचा बोल्ट काढताना इंजिन फिरू नये म्हणून बेल हाउसिंगचा (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या घराचा) रबरी बूच काढून फ्लायव्हीलच्या दातांत जाड स्क्रू ड्रायव्हर अडकवला. पाना चासीला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती गॅरेजमध्ये सर्रास चालते. घरी नको, पाना निसटला तर तो कुठे जाईल याचा नेम नाही.

दातेरी पुली, तिची की (पुली शाफ्टवर फिरू नये म्हणून खाचेत बसवलेला धातूचा छोटा तुकडा) आणि मागची बेल्ट गाईडची चकती निघाली. चकतीची खोलगट बाजू पंपाकडे असते. ती उलटी बसली तर पट्ट्याची कड कापली जाते.

इथे थांबून ही की आणि तिची खाच तपासा. या इंजिनांचं जुनं दुखणं हेच: मधला बोल्ट कमी आवळला की पुली सूतभर हलत राहते, की झिजते, खाच रुंद होते, टायमिंग मागे पडतं आणि गाडीला ओढ नाही म्हणून माणूस कार्ब्युरेटरशी झटत बसतो. की बोटाने खाचेत बसवून हलवून बघितली, खेळ नाही. खेळ असता तर नवीन की लावूनही भागलं नसतं.

जुनं सील आणि शाफ्ट

सील काढायला पेचकस थेट ओठाखाली घालणं हा शाफ्टवर ओरखडा पाडायचा खात्रीचा मार्ग. त्याऐवजी सीलच्या धातूच्या कड्यात समोरासमोर दोन २ मिमी भोकं पाडली, ड्रिल बिटला ग्रीस लावून, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटतो. भोक कड्यापुरतंच. ड्रिल आत घुसलं तर ऑईल पंप समोरच आहे. दोन स्क्रू चार-पाच आटे फिरवून पकडीने आळीपाळीने ओढले. पंपाची बॉडी ॲल्युमिनियमची, तिच्या कडेला टेकू देताना खाली लाकडाची चीप घ्या. बोअरवर उभा ओरखडा पडला तर सीलच्या ओठातून नाही, बाहेरच्या कडेने गळेल.

जुन्या सीलचा ओठ नखाने वाकवला तर तडकला. दाब आणि उष्णता, दोघांचं काम. बाहेरच्या धूळ-ओठात तांबडी माती भरलेली होती. गगनबावडा, राधानगरीकडच्या चिखलात फिरणाऱ्या गाडीला हे चुकत नाही. ती माती ओठाखाली पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

आता शाफ्ट. ब्रेक क्लीनरने पुसून ओठाच्या जागी चकाकती रेघ दिसली. रेघ दिसणं वाईट नाही, ती असतेच. नख शाफ्टच्या लांबीच्या दिशेने हळू ओढून बघायचं: नख अडखळलं तर खाच पडलीय. इथे अगदी हलकं जाणवत होतं.

खाच असेल तर वाटा तीन. खोल असेल तर स्पीडी स्लीव्ह, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचं स्टेनलेसचं नळकांडं, जुन्या शाफ्टवर चढवायचं. मूळ मापाचंच सील चालतं. हलकी असेल तर नवीन सील मिलिमीटर-दीड मिलिमीटर कमी खोल बसवून ओठाला कोरी जागा द्यायची; मात्र पुढे पुली घासणार नाही आणि पंपाच्या बॉडीतली तेल परतीची वाट झाकली जाणार नाही हे आधी मोजायचं. नुसतेच डाग किंवा गंज असेल तर पॉलिश.

पॉलिशबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त सील इथे मरतात. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची अरुंद पट्टी, तेलात बुडवून, शाफ्टभोवती गुंडाळून फक्त गोलाकार दिशेने घासायची. लांबीच्या दिशेने किंवा तिरकं घासलं की सूक्ष्म मळसूत्र तयार होतं आणि शाफ्ट फिरताना तेच तेल बाहेर पंप करतं. सील कोरं, स्प्रिंग शाबूत, बसवणं बिनचूक, तरी गळतंय, असं दिसलं की हे मळसूत्र शोधा. आरशासारखी चकाकीही नको. ऑईल सीलखालचा पृष्ठभाग साधारण ०.२ ते ०.८ मायक्रॉन आरए (खडबडीतपणाचं माप) असावा लागतो, कारण ओठाखाली तेलाचा पातळ थर टिकायला थोडा खडबडीतपणा लागतो. अगदी गुळगुळीत शाफ्टवर ओठ कोरडा पडून जळतो.

इथे पॉलिश आणि १ मिमी कमी खोली, दोन्ही केलं.

सील निवडणं

मापं जुन्या सीलवर छापलेली असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. दुकानात तेवढं सांगितलं की मापाचं सील मिळतं, पण रबर कोणतं हे विचारायला लोक विसरतात. साधं नायट्राईल १०० अंश सेल्सिअसच्या आसपास कडक व्हायला लागतं. व्हायटॉन २०० अंशांपर्यंत टिकतं. वेगाचाही प्रश्न आहे: शाफ्ट ३२ मिमी धरला तर ६००० आरपीएमला ओठाखालचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर होतो, नायट्राईलच्या मर्यादेच्या अगदी जवळ. व्हायटॉन महाग, पण या जागी पुन्हा पोचायला काय काय उतरवावं लागतं ते वर वाचलंच आहे.

ओठावर बाणासारख्या तिरक्या रेघा असतील तर त्या फिरण्याच्या दिशेच्या आहेत. उलट्या दिशेचं सील तेल आत ओढण्याऐवजी बाहेर टाकतं. टेफ्लॉन ओठाचं, स्प्रिंग नसलेलं सील मिळालं तर ते पूर्ण कोरडं बसवायचं, तेलाचा थेंबही नाही, आणि इंजिन सुरू करायच्या आधी काही तास सोडायचं. रबरी ओठाच्या सीलला उलट: ओठाला इंजिन ऑईल आणि दोन ओठांच्या मधल्या पोकळीत थोडं ग्रीस.

बसवणं

सॉकेट ठेवून हातोडीने ठोकणं चालतं, असं म्हणतात. चालतं तेव्हा चालतं. सील तिरकं गेलं की कडं वाकतं आणि मग ते सरळ करता येत नाही. कोल्हापुरात राहून असला जुगार खेळायची गरज नाही: शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही लेथवर नायलॉनचा बुश चहा संपेपर्यंत वळून मिळतो. माप असं द्या: बाहेरचा व्यास सीलपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी, आतला शाफ्टपेक्षा एक मिलिमीटर जास्त, दोन्ही तोंडं एकाच सेटिंगमध्ये फेस केलेली. एका तोंडाला १ मिमीची पायरी घेतली तर सील किती खोल जाईल तेही बुशच ठरवतो.

क्रँकच्या टोकाच्या धारेवर आणि कीच्या खाचेवर ओठ फाटतो, म्हणून त्यावर पातळ प्लास्टिकची गुंडाळी. दुधाच्या पिशवीचा तुकडा तेल लावून पुरतो. स्प्रिंगवाली बाजू इंजिनाकडे. अंगठ्यांनी सील तोंडाशी धरलं, बुश ठेवला आणि मधल्याच बोल्टच्या आट्याचा लांब बोल्ट व जाड वॉशर वापरून हळूहळू दाबत नेलं. हातोडी कुठेच नाही. ओठाची छोटी स्प्रिंग सील ठोकताना उडते, आणि ती उडालेली बाहेरून दिसत नाही.

व्हर्नियरच्या शेपटीने चार ठिकाणी खोली मोजली. चारही मापं ०.२ मिमीच्या आत. बाहेरच्या कड्याला सिलिकॉन लावलं नाही. रबर चढवलेल्या कड्याला ते वंगण होतं आणि सील परत सरकतं.

जोडणी

पट्टा तेलाने फुगलेला, म्हणून नवा. तेल प्यायलेला पट्टा पुसून लावायची काटकसर करू नका. टेन्शनरची बेअरिंग खरखरत नव्हती, तीच ठेवली. पट्टा ताणताना हेड कव्हर काढून व्हॉल्व्हचे ॲडजस्टिंग स्क्रू सैल सोडले, म्हणजे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत नाहीत आणि ताण खरा बसतो. टेन्शनर सैल ठेवून, क्रँक घड्याळाच्या दिशेने दोन फेरे, खुणा पुन्हा जुळल्या, मगच टेन्शनर आवळला. त्यानंतर टॅपेट सेटिंग, म्हणजे सैल सोडलेल्या स्क्रूंनी व्हॉल्व्हची फट पुन्हा बसवणं. ही पायरी गाळून ताण बसवला की एका बाजूने पट्टा सैल राहतो.

मधल्या बोल्टचा टॉर्क वर्षानुसार वेगळा आहे. या ८ व्हॉल्व्हला १०५ ते ११५ न्यूटन-मीटर, नंतरच्या १६ व्हॉल्व्हला त्याहून जास्त. आपल्या इंजिनाचं मॅन्युअल बघा. आटे कोरडे आणि स्वच्छ, टॉर्क रेंचनेच. खाच रुंद होण्याचं दुखणं इथूनच सुरू होतं.

चाचणी

आयडलला पंधरा मिनिटं, मग कव्हरच्या खालच्या कडेला टाल्कम पावडर मारून पन्हाळा. वीसेक किलोमीटर आणि चांगला चढ, तेल पुरतं गरम होतं. परत आल्यावर पावडर पांढरी. यू नळी पुन्हा लावली, ओढ तशीच.

राहिलेलं: मागची बाजू

बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातूनही थेंब येतो. सरळ गिअरबॉक्स उतरवायचा मोह होतो, पण डिस्ट्रिब्युटरवाल्या जी१३ मध्ये डिस्ट्रिब्युटर हेडच्या मागच्या टोकाला असतो आणि त्याची ओ-रिंग गळली की तेल बेल हाउसिंगवरून ओघळून बरोबर त्याच जागी टपकतं. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सीलही उमेदवार आहे. गिअर ऑईलला गंधकाचा उग्र वास असतो, थेंब बोटावर घेऊन वास घेतला की निवाडा होतो. इथला थेंब इंजिन ऑईलचाच आहे. त्यामुळे आधी डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, मग हेडची मागची बाजू डिझेल-ब्रशने धुऊन पावडर. पावडर वरून ओली झाली तर काम तिथेच संपलं. वर कोरडी आणि भोकाशी ओली असेल तरच प्रॉपेलर शाफ्ट, गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील हे सगळं खाली येईल, आणि त्या वेळी क्लच प्लेट व रिलीज बेअरिंगही बघून घ्यावी लागेल.