निम्म्या दंडाची घाई कधी करावी, कधी नाही

कर्नाटकात वाहतूक दंडाच्या ई-चलनावरची 50 टक्के सवलत कायमची नसते. सरकार आदेश काढतं, मुदत देतं. 2025 मध्ये एकदा ती 23 ऑगस्ट ते 12 सप्टेंबर होती. चलन खरं असेल तर अशा मुदतीत भरून मोकळं व्हावं. चुकीचं असेल तर मात्र निम्मेही भरू नका. दंड भरला की प्रकरण मिटतं, मग तक्रारीला जागा उरत नाही.

आधी चलनावरचा फोटो उघडा. गाडीच्या नंबरात केए 22 बेळगावचा, केए 23 चिक्कोडीचा. फरक एका आकड्याचा. पाटी पुसट असली की दुसऱ्याचं चलन आपल्या नावावर पडतं. गाडीचा प्रकार, रंग, जागा, वेळ ताडून पाहा. जुळत नसेल तर आरसीची (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत आणि गाडीचे पुढून-मागून फोटो जोडून वाहतूक पोलिसांकडे लेखी अर्ज द्या. पोच घ्याच. वाद नो पार्किंगचा असेल, समजा बेळगावच्या खडेबाजारात, तर त्याच दिवशी रस्त्याचा फोटो काढा; नंतर तिथं फलक लागला तर पुरावा गेला.

निपाणी ओलांडून कोल्हापुरात झालेलं चलन महाराष्ट्राचं, त्याला ही सवलत लागू नाही. आणि व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावानं आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) उघडूच नका, खात्यातले पैसे जातात.