प्रासोनिसीचा वारा

आज ग्रीसच्या रोड्स बेटाच्या दक्षिण टोकावर, प्रासोनिसीला, मनसोक्त काइटसर्फिंग केलं, म्हणजे पायाखाली फळी आणि मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावरून धावणं. हात भरून आलेत, पण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

जागाच विलक्षण आहे. मध्ये वाळूचा पट्टा, एका बाजूला एजियन, दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्र. पश्चिमेला लाटा उसळत असतात आणि पट्टा ओलांडला की पाणी जवळजवळ सपाट! हिवाळ्यात हा पट्टा पाण्याखाली जातो आणि पलीकडची टेकडी खरोखरचं बेट होते.

वारा मेल्तेमी, एजियनवरचा उन्हाळी उत्तरेकडचा वारा. जून ते सप्टेंबर वाहतो, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जोरात. आभाळ निरभ्र, ऊन कडक आणि वारा अंगावर धावून येणारा. सकाळी ९ चौरस मीटरचा काइट (पतंग) उडवला, दुपारी वारा वाढला म्हणून लहान, ७ चा काढावा लागला.

संध्याकाळी आईचा फोन आला, रत्नागिरीत धो धो पाऊस. मला फार आनंद झाला, कारण त्या पावसाचं आणि इथल्या वाऱ्याचं नातं आहे. आग्नेय युरोपात, बाल्कनकडे, हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानावर कमी, म्हणून मेल्तेमी वाहतो. आणि तुर्कस्तानावरचा तो कमी दाब आपल्या मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याचंच पश्चिम टोक!

येणाऱ्यांना एकच कळकळीची विनंती. सपाट बाजू सोपी वाटते, पण तिथे वारा किनाऱ्यावरून खोल समुद्राकडे ओढतो. बचावाची बोट तयार आहे का, हे विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. नवखे असाल तर भर जुलै-ऑगस्ट टाळा, जूनमध्ये या.