आमची वाटचाल : बूथ गेला त्यानंतर

पुण्यात स्पीच थेरपीच्या क्लिनिकचं भाडं श्रवणयंत्रं भरतात, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. तोतरी मुलं, पक्षाघातानंतर वाचा गेलेले आजोबा, आवाज न फुटलेले कॉलेजकुमार यांच्या फीमधून फार तर विजेचं बिल निघतं. म्हणून मी एका ऑडिओलॉजिस्टबरोबर, म्हणजे ऐकू येणं तपासून यंत्रं बसवणाऱ्याबरोबर, भागीदारी केली. कान तपासायचा ऑडिओमीटर आणि साउंडप्रूफ बूथ त्याचा, थेरपीची बाजू माझी.

एप्रिल २०१४ मध्ये आपलं लिंग स्वतः ठरवण्याचा ट्रान्स लोकांचा हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल आला. त्यानंतर आमच्याकडे ट्रान्स स्त्रिया, म्हणजे जन्मतः मुलगा ठरवल्या गेलेल्या बायका, येऊ लागल्या. पहिली आली ती सांगलीची ताई, एका हेल्पलाइनवर नोकरीला. हार्मोन्स घेऊन चेहरा बदलला होता, आवाज मात्र जागच्या जागी. तो तसाच राहणार. टेस्टोस्टेरॉनने स्वरतंतू जाड होतात, पण इस्ट्रोजेनने पुन्हा बारीक होत नाहीत. ट्रान्स पुरुषांचं बरंचसं काम औषधच करतं, यांना घाम गाळावा लागतो. ताई दिवसभर फोनवर ‘सर, सर’ ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी माझ्यापुढे येऊन बसायची.

भागीदाराला हे रुचलं नाही. म्हणे, ‘‘यंत्र घ्यायला आलेली म्हातारी माणसं बिचकतात.’’ कोण बिचकलं? एका आजींनी तर ताईला शेजारी बसवून पिशवीतल्या शेवेची पुडी पुढे केली होती. तरी एका सोमवारी मी कुलूप उघडलं तर बूथ उचललेला, ऑडिओमीटर गायब आणि यंत्रांची एजन्सी त्याच्या एकट्याच्या नावावर. दोन गल्ल्या सोडून त्याची नवी पाटी लागली. आमची गिऱ्हाइकं तिकडे वळली. भाडं थकलं, मालक डिपॉझिटमधून कापू लागले, माझ्या बांगड्या बँकेत गेल्या. त्याने मात्र सगळीकडे सांगितलं की आम्ही सामंजस्याने वेगळे झालो. सामंजस्य म्हणे!

उरला एक जुना लॅपटॉप, बरा माइक आणि प्राट. अॅम्स्टरडॅम विद्यापीठात बोअर्स्मा आणि वीनिंक यांनी केलेलं हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नव्याने क्लिनिक टाकणाऱ्यांनो, कर्ज काढून मशिनं घेऊ नका. स्वराची रेघ पडद्यावर वर-खाली होताना दिसली की पेशंटचे डोळेच कानांना शिकवतात. मात्र रेघेच्याच मागे लागू नका. पुरुषांचा आवाज साधारण १०० ते १३० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं), बायकांचा १८० ते २२०. म्हणून नुसती पट्टी चढवली तर कार्टूनसारखा आवाज निघतो. खरी मेहनत घुमाऱ्यावर, म्हणजे आवाज तोंडात-घशात कसा घुमतो त्यावर, असते. स्वरयंत्र किंचित वर, जीभ पुढे, तोंडातली पोकळी लहान. ताईने शहाळ्याच्या नळीने पाण्यात बुडबुडे काढत ‘ऊ’ घोटला. सरावाची मराठी वाक्यं आम्ही दोघींनीच लिहिली, रिक्षावाल्याशी हुज्जत आणि गॅसचं बुकिंग धरून. सगळ्यात उशिरा बदलतात ते हसू आणि खोकला, ते आधीपासून घ्या.

त्या पडत्या काळात ताईने फी कधी थकवली नाही, उलट मैत्रिणींना घेऊन आली. त्यांच्यावरच क्लिनिक तगलं. मधली वर्षं बरी गेली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळं व्हिडिओवर गेलं, तेव्हा अॅप आमचा लांबवलेला ‘आ’ गोंगाट समजून कापून टाकायचं. मूळ आवाज चालू ठेवायचं बटण ताईनेच शोधून दिलं.

हल्ली ‘महिन्यात आवाज बदला’ असे कोर्स निघालेत. तिथे पैसे भरून घसा बसवून घेतलेल्या मुली आमच्याकडे येतात. कुजबुजत सराव करू नका. दुखलं की थांबा. दिवसातून चार वेळा थोडं थोडं करा आणि पॅकेजचे पैसे आगाऊ देऊ नका, आम्हालासुद्धा.

तो जुना भागीदारही आता ट्रान्स पेशंट चिठ्ठी देऊन माझ्याकडे धाडतो. मध्यंतरी कमिशनचं विचारत होता. आधी बूथचा हिशेब दे म्हटलं.