गाडी मेली कशाने, ते आधी विचार

वाळवंटातून आलेली गाडी दारात लागली की मी बॉनेटला हात लावायच्या आधी वास घेतो. त्या दिवशी वास आला करपलेल्या भाकरीचा, वर थोडा तेलकट. गिअरबॉक्सच्या तेलाची डिपस्टिक ओढली. तेल लाल असायला हवं, ते चहाच्या चोथ्यासारखं काळपट.

शारजाच्या सनैयात, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात, माझी बारा वर्षं गेली. गाव खेडकडचं. गाडीमालक पुण्याचे, दुबईत बँकेत. ऑटोमॅटिक गिअरची मोठी जुनी एसयूव्ही घेऊन सुट्टीच्या दिवशी अल बदायरच्या वाळूत जायचे. ए.टी. ऑइल टेम्पचा, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल तापल्याचा दिवा तिसऱ्यांदा लागला तेव्हा घाबरून आले.

"दादा, गिअरबॉक्स गेला का?"

ते पॅन, म्हणजे गिअरबॉक्सखालची तेलाची परात, खोलल्याशिवाय कळत नाही. खोललं. मॅग्नेटवर राखाडी चिखल होता. तो जुन्या गाडीत असतोच. धातूचा तुकडा मात्र एकही नव्हता. म्हणजे जीव होता, ताप होता.

हा ताप येतो टॉर्क कन्व्हर्टरमधून. इंजिनाची ताकद तो तेलातून गिअरबॉक्सला देतो. हायवेला तो लॉक होतो आणि तेलाला आराम मिळतो. वाळूच्या चढावर इंजिन साडेतीन हजार फेऱ्यांवर ओरडतं आणि चाकं मात्र गोगलगायीसारखी सरकतात. मधला सगळा फरक तेलात उष्णता होऊन उतरतो. हे तेल गार करणारा कंपनीचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो, पण तिथलं पाणीच नव्वद अंशांच्या पुढे, तर ते तेलाला किती गार करणार? तेल एकशेवीसच्या वर राहिलं की जळायला लागतं, सील कडक होतात. म्हणून समोर वाऱ्यावर वेगळा कूलर हवा.

नव्याची किंमत ऐकून साहेब गप्प झाले. पुणेकर गप्प झाला की समजायचं, हिशोब चालू आहे. मग म्हणाले, "जुना नाही मिळणार?"

जुना मिळतो. आमच्या गल्लीच्या मागे तोडलेल्या गाड्यांचे ढीगच आहेत. तिथल्या भंगारवाल्या चाचांनी दीडशे दिरहमला एक कूलर काढून दिला. बाहेरून इतका छान, की पंखांवर एक माशी चिकटलेली नव्हती. खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती. समोरच्या कूलरवर किडे नाहीत, म्हणजे गाडी बरेच दिवस एका जागी उभी होती. आणि चांगली गाडी उगाच उभी राहत नाही.

गराजमध्ये क्लीनर भरून, उलट्या बाजूने हवा मारून ते पांढऱ्या फडक्यावर काढलं. फडकं उन्हात धरलं तर चमचम. बारीक चांदीसारखा भुगा. म्हणजे त्या गाडीचा गिअरबॉक्स आतून दळला गेला होता आणि त्याची राख कूलरमध्ये बसली होती. हा प्लेटवाला कूलर, आत फटीत फटी. दहा वेळा धुतला तरी अकराव्यांदा कण निघाले. हेल्पर म्हणाला, अजून दोनदा धुवू. मी नको म्हटलं. एक कण जरी व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे गिअर बदलायला तेल वळवणाऱ्या बारीक वाटांत, अडकला, तरी साहेबांचा चांगला गिअरबॉक्स माझ्या हाताने मेला असता.

परत गेलो तर चाचा चिडले. "कूलर दिया है, गियरबॉक्स की गारंटी नहीं दी." बरोबरच बोलले. चूक माझी. मी कूलर बघितला, गाडी बघितली नाही. दुसऱ्या खेपेला आधी विचारलं, कोणती गाडी मागून ठोकली गेलीय? तशी एक होती. डिकी सीटपर्यंत आत गेलेली, पुढचा भाग शाबूत. पाइप सोडल्यावर तेल ठिबकलं ते लाल, जळका वास नाही. हा नळीवाला कूलर होता. एका तोंडातून फुंकलं की दुसरीकडून येतं, लपायला जागा कमी. फडकं स्वच्छ निघालं. दोन बार दाबाची हवा भरून बादलीत बुडवला, बुडबुडा नाही.

बसवणं तसं सोपं. एसी कंडेन्सरच्या पुढे, बोटभर फट ठेवून, लोखंडी पट्टीवर. पंखांतून प्लॅस्टिकच्या टाय ओवून बांधणारे आहेत, खडखडून नळीला भोक पडतं. पाइप तेलाचाच, तीन-अष्टमांश इंची. पाण्याचा पाइप गरम तेलात फुगतो. गाडी थंड असताना चालू केली आणि रेडिएटरच्या दोन्ही नळ्यांवर हात ठेवला. आधी तापते ती जाणारी, दुसरी परतीची. नवा कूलर त्या परतीच्या वाटेत घातला. मग इंजिन चालू ठेवून पातळी बघितली, अर्धा लिटर तेल जास्त गेलं.

शनिवारी सकाळी त्यांच्याबरोबर बदायरला गेलो, स्कॅनर मांडीवर. लाल टेकडीच्या चढावर आकडा चढत चढत १११ ला थांबला. आधी १२८ ला दिवा लागायचा. साहेब खूश. मला मात्र गाडी अजून जड वाटत होती. खाली उतरून टायर दाबून बघितला.

"साहेब, हवा किती ठेवलीय?"

"अठ्ठावीस. दर वेळी काढायची, परत भरायची, कोण करणार?"

चारही टायर पंधरावर आणले, ट्रान्सफर केस लो वर, म्हणजे फोर-व्हीलच्या हळू पण जोरदार गिअरवर, टाकायला लावली, आणि तोच चढ पुन्हा. ९७.

साहेब बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हवा काढली असती तर कूलर लागलाच नसता?"

"ऑगस्टात लागला असता," मी म्हटलं आणि मजुरीचा विषय काढला.